‘कारणे द्या’ : पोर्तुगीज समुद्रावर का निघाले?

शाळेत इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न हमखास यायचा. ‘कारणे द्या : युरोपीय लोकांना भारताकडे जाणारा नवा सागरी मार्ग शोधावा लागला.’ उत्तर सगळ्यांचं तोंडपाठ. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले, युरोपला मसाल्याचे पदार्थ मिळेनासे झाले, म्हणून. दोन मार्क पदरात पडायचे आणि आपण पुढच्या प्रश्नाला लागायचो.

हे उत्तर सपशेल चूक आहे असं नाही. पण तारखा एका ओळीत मांडून बघा. पोर्तुगालने मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा जिंकलं १४१५ साली. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर वस्ती सुरू झाली १४२० च्या आसपास. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर जिल इयानिशने ओलांडलं १४३४ साली. आफ्रिकेतून माणसं पकडून आणणारी जहाजं पोर्तुगालच्या लागूश बंदरात लागली १४४४ साली. कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा पोर्तुगीजांना घराबाहेर पडून ३८ वर्षं झाली होती.

दुसरी अडचण वाटेची. मलबारची मिरी युरोपात मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हती. ती गलबतांतून तांबड्या समुद्रात जायची, तिथून उंटांवरून आणि नाईल नदीने कैरो, मग अलेक्झांड्रिया. तिथे व्हेनिसचे व्यापारी ती विकत घ्यायचे. हा सगळा टापू इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होता. तुर्कांनी इजिप्त घेतलं १५१७ साली, म्हणजे वास्को द गामा भारतातून परत जाऊन १८ वर्षं उलटल्यावर. आणि तुर्क असोत की मामलुक, जकातीवर खजिना भरणारा कुठलाही सुलतान असला व्यापार आपणहून कशाला बंद पाडेल?

मग पोर्तुगीज निघाले तरी का? माझ्या मते गल्लत इथेच होते. वास्को द गामा भारतात पोहोचला हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, म्हणून सगळी वाटचाल भारताच्या दिशेनेच झाली असं आपण धरून चालतो. निघाले तेव्हा भारत त्यांच्या मनातही नव्हता. निघायचं कारण एक होतं, पुढच्या टप्प्यावर ते दुसरं झालं, त्याच्या पुढे तिसरं. आधीच्या टप्प्यावर जे हाती लागलं त्यातून पुढच्याचा खर्च निघत गेला.

सेउटा आणि वाळवंटापलीकडचं सोनं

त्या वेळचा पोर्तुगाल म्हणजे जेमतेम १० लाख वस्तीचा देश. धान्य पुरेसं पिकत नव्हतं. एका बाजूला आजच्या स्पेनमधलं बलाढ्य कास्तिलचं राज्य, दुसऱ्या बाजूला समुद्र. १४११ साली कास्तिलशी तह झाला आणि लढाईवर पोट असलेले सरदार रिकामे बसले. राजा जुआंव पहिला याच्या मुलांना रणांगणावर सरदारकी मिळवायची होती. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचं सेउटा हे श्रीमंत मुस्लिम बंदर समोर होतं. २१ ऑगस्ट १४१५ रोजी ते एका दिवसात पडलं. तिथल्या मशिदीचं चर्च केलं आणि त्याच चर्चमध्ये राजपुत्रांना सरदारकी बहाल झाली. धर्म, लूट, मान आणि बेकार सरदारांना काम, हे सगळं एकाच मोहिमेत उरकलं.

सेउटाचं खरं आकर्षण म्हणजे सहारा ओलांडून येणाऱ्या तांड्यांचं सोनं. हे सोनं यायचं पश्चिम आफ्रिकेतून. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ साली हजला जाताना कैरोत थांबला, तेव्हा त्याने इतकं सोनं वाटलं की तिथे सोन्याचा भाव उतरला. १३७५ च्या कॅटलान नकाशात तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवलाय. युरोपातल्या व्यापाऱ्यांना हे चित्र चांगलं ठाऊक होतं.

पण सेउटा घेतल्यावर झालं भलतंच. तांड्यांनी वाट बदलली आणि ते दुसऱ्या बंदरांकडे वळले. पोर्तुगालच्या हाती उरलं तटबंदीचं गाव आणि तिथल्या शिबंदीचा खर्च. वाळवंटाची वाट मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हातात आहे, तर समुद्राने किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जाऊन सोन्याच्या मुळाशी का पोहोचू नये, हा विचार इथून पुढे बळावत गेला. वळसा घालायचा होता तो सहाराला.

या कामाच्या मागे लागला राजपुत्र एन्रिके, आपल्या पुस्तकांतला ‘हेन्री द नॅव्हिगेटर’. हे बिरुद त्याला कित्येक शतकांनी मिळालं. तो स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही, आणि त्याने साग्रेसला काढलेल्या नौकानयनाच्या शाळेला कसलाही भक्कम पुरावा नाही.

पोर्तुगालच्या राजदरबारी बखरकाराने, झुरारा त्याचं नाव, एन्रिकेने हे सगळं का केलं याची यादीच लिहून ठेवलीय. ‘कारणे द्या’चं हे सगळ्यात जुनं उत्तर म्हणायला हरकत नाही. कॅनरी बेटं आणि बोजादोर यांच्या पलीकडे काय आहे ते कळावं. तिकडे ख्रिस्ती लोक असतील तर त्यांच्याशी व्यापार करावा. मुसलमानांची सत्ता कुठवर पसरलीय याचा अंदाज घ्यावा. त्यांच्याविरुद्ध मदत करील असा एखादा ख्रिस्ती राजा सापडतोय का ते पाहावं. आणि धर्माचा प्रसार करावा. ही पाच कारणं झाली. सहावं तो सगळ्यांच्या मुळाशी आहे म्हणून सांगतो: एन्रिकेची कुंडली. मेष लग्न आणि मंगळ कुंभ राशीत, म्हणजे शनीच्या घरात. अशा माणसाच्या हातून मोठ्या आणि गुप्त गोष्टींचा शोध लागणारच, असं त्याचं म्हणणं.

यादी वाचताना लिहिणारा दरबाराचं मीठ खाणारा होता हे लक्षात ठेवायचं. तरीही ती मोलाची आहे. त्या काळातल्या माणसाला कोणती कारणं सांगताना अभिमान वाटत होता, ते तिच्यातून कळतं. आणि कोणती नाहीत तेही बघा. यादीत सोनं नाही, गुलाम नाहीत.

लागूशचं मैदान

गुलाम त्याच बखरीत काही पानांनी येतात. ८ ऑगस्ट १४४४. दिवस तापायच्या आत, भल्या सकाळी, जहाजांतून २३५ माणसं उतरवून लागूशच्या वेशीबाहेरच्या मैदानात उभी केली. काही गोरीशी, काही सावळी, काही काळी. कोणी मान खाली घालून रडत होते, कोणी आकाशाकडे बघून आक्रोश करत होते. मग वाटणी सुरू झाली. वाटे सारखे पडावेत म्हणून बापापासून मुलगा, नवऱ्यापासून बायको, भावापासून भाऊ वेगळा काढला. एका घोळक्यात टाकलेली पोरं दुसऱ्या घोळक्यातल्या आईबापांकडे धावत होती. आया लेकरांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत होत्या, म्हणजे त्यांना ओढून नेता येऊ नये. आजूबाजूच्या गावांतून लोक काम टाकून बघायला आले होते. राजपुत्र एन्रिके घोड्यावर बसून होता. त्याचा वाटा पाचवा, ४६ माणसं.

झुरारा लिहितो की त्यालाही रडू आलं, शेवटी हीदेखील आदमचीच लेकरं. आणि पुढच्याच पानांत तो सांगतो की एन्रिकेला मोठं समाधान वाटलं, कारण एरवी नरकात गेले असते असे इतके आत्मे वाचले.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. युरोपीय लोक पैशासाठी निघाले की धर्मासाठी, असा वाद आपल्याकडे नेहमी होतो. धर्माचं नाव पुढे करून पैसा कमावला, असं म्हणून तो मिटवताही येतो. पण लागूशच्या मैदानात घोड्यावर बसलेल्या एन्रिकेला असे दोन कप्पे माहीतच नव्हते. त्याच्या श्रद्धेत खोट नव्हती, आणि म्हणूनच ती जास्त घातक ठरली. मनात शंका असलेला माणूस कुठेतरी थबकतो. आपण यांचं भलंच करतोय अशी ज्याची खात्री असते, त्याला थबकायचं कारणच उरत नाही.

या खात्रीवर रोमने शिक्का मारला. १४५२ आणि १४५५ च्या पोपच्या फर्मानांनी पोर्तुगालला बिगरख्रिस्ती मुलूख जिंकायची, तिथल्या माणसांना कायमचं गुलाम करायची आणि या किनाऱ्यावरच्या व्यापाराची मक्तेदारी राखायची मुभा दिली. जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस चित्रांत दिसतो, तो ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या लढाऊ धर्मसंघाचा. एन्रिके १४२० पासून त्याचा प्रमुख होता आणि संघाचं उत्पन्न मोहिमांच्या कामी येत होतं.

आणि १४५३? ते महत्त्वाचं आहेच, पण वेगळ्या अर्थाने. कॉन्स्टँटिनोपल परत घेण्यासाठी पोपने धर्मयुद्धाची हाक दिली. राजा अफोन्सो पाचवा याने हौसेने तयारी केली आणि १४५७ साली आफ्रिकेतून आलेल्या सोन्याचं नवं नाणं पाडलं. नाव ठेवलं ‘क्रुझादो’, क्रूसाचं, धर्मयुद्धाचं नाणं. बाकीचे राजे काही निघाले नाहीत. अफोन्सोने जमवलेली फौज पुढच्या वर्षी मोरोक्कोवरच वापरली. नाणं मात्र चालत राहिलं.

मक्ता

१४६० साली एन्रिके वारला. अफोन्सोचा जीव मोरोक्कोत अडकलेला. किनारा पुढे शोधायचं काम त्याने चक्क मक्त्याने दिलं. १४६९ साली लिस्बनचा व्यापारी फर्नांव गोमिश याच्याशी करार झाला: पाच वर्षं गिनीच्या किनाऱ्यावरचा व्यापार तुझा, त्याबद्दल दर वर्षी २ लाख रेइस (पोर्तुगीज चलन) भरायचे, आणि शिवाय दर वर्षी १०० लीग, म्हणजे ५०० किलोमीटरहून जास्त नवा किनारा शोधून द्यायचा.

मला या सगळ्या इतिहासात हा करार फार बोलका वाटतो. अज्ञाताची ओढ, साहस वगैरे गोष्टी बाजूला राहिल्या आणि ‘नवा प्रदेश शोधणे’ हे मक्त्याच्या कागदावरचं एक कलम झालं. गोमिशच्या माणसांनी ते झपाट्याने पुरं केलं. १४७१ साली ते आजच्या घानाच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि तिथे एकदाचं ते सोनं सापडलं, ज्याच्यासाठी सेउटा घेतलं होतं. पुढचा राजा जुआंव दुसरा याने १४८२ साली तिथे साओ जॉर्ज द मिना हा किल्ला बांधला. त्याचे दगडसुद्धा पोर्तुगालमध्ये घडवून जहाजांतून नेले होते.

खरा भारत आता पोर्तुगालच्या हिशेबात येतो, १४८० नंतरच्या दशकात. मिनाच्या सोन्याने खजिना भरत होता आणि आफ्रिकेला टोक असेल असं वाटायला लागलं होतं. कोलंबस याच काळात लिस्बनला आपली योजना घेऊन आला होता. दरबारातल्या जाणकारांनी ती नाकारली, आणि त्यांचं बरोबरच होतं. पश्चिमेकडून आशियाचं अंतर त्याने फारच कमी धरलं होतं. मध्ये एक अख्खं खंड आडवं आलं म्हणून तो वाचला. १४९२ साली स्पेनच्या जहाजांतून निघताना त्याने अरबी जाणणारा दुभाषी सोबत घेतला होता, आणि सापडणाऱ्या सोन्यातून जेरुसलेम जिंकायचं स्वप्न त्याच्याही डोक्यात होतं.

जुआंव दुसऱ्याने १४८७ साली दोन मोहिमा धाडल्या. बार्तोलोम्यू दियाश समुद्राने, तो १४८८ साली आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला. आणि खुष्कीने पेरो द कोव्हिल्यां, अरबी अस्खलित बोलणारा हेर. मधाचा व्यापारी बनून तो अलेक्झांड्रियात शिरला, कैरो, एडन करत कण्णूर, कालिकत आणि गोव्याला पोहोचला. वास्को द गामाच्या कितीतरी आधी एक पोर्तुगीज माणूस गोव्याच्या बंदरात उतरून बाजारभाव बघत फिरत होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. कैरोला परतून त्याने सगळं राजाला लिहून पाठवलं.

त्याला कामं दोन होती. मिरी-दालचिनी येते कुठून ते शोधायचं, आणि प्रेस्टर जॉनला गाठायचं. प्रेस्टर जॉन म्हणजे मुस्लिम मुलखाच्या पलीकडे राज्य करणारा एक महाबलाढ्य ख्रिस्ती राजा. बाराव्या शतकात त्याच्या नावाचं एक बनावट पत्र युरोपभर फिरलं आणि लोकांनी ते खरं मानलं. आधी तो आशियात असल्याचं समजत, मग इथिओपियात. इथिओपियाचा राजा ख्रिस्ती होताच, त्यामुळे कल्पनेला आधार मिळाला. तो पाठीमागून चालून आला, आपण पुढून गेलो, की जेरुसलेम आपलं, असा हिशेब.

मिरीबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. युरोपात मांस नासायचं, त्याची दुर्गंधी लपवायला मसाले लागायचे, असं आपण सर्रास ऐकतो. पण मिरीने मांस टिकत नाही, त्याला मीठ लागतं. आणि ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस सहज परवडायचं, कारण दोन्हींत महाग होती मिरी. तिला मागणी होती ती चवीसाठी, पाहुण्यांपुढे श्रीमंती मिरवण्यासाठी आणि औषधासाठी. थंड प्रकृतीच्या अन्नाला उष्ण मसाल्याने तोल येतो अशी त्यांच्या वैद्यांची समजूत होती. ज्यांच्या घरी सर्दीला मिरीचा काढा होतो, त्यांना ही समजूत परकी वाटू नये.

‘ख्रिस्ती आणि मसाले’

८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामा चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन लिस्बनहून निघाला. २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ नांगर पडले. पहिल्यांदा किनाऱ्यावर पाठवला तो शिक्षा झालेला एक कैदी, अनोळखी मुलखात जीव धोक्यात घालायला अशी माणसं मुद्दाम सोबत आणलेली असत. त्याला लोकांनी नेलं ट्युनिसच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे, ज्यांना कास्तिलची भाषा येत होती. ‘सैतान नेवो तुला! इथे कसा आलास?’ हे त्यांचे पहिले शब्द. काय शोधायला आलात, असं विचारल्यावर त्याने सांगितलं: ख्रिस्ती आणि मसाले. मग त्यांनी त्याला गव्हाची पोळी आणि मध खाऊ घातला.

जहाजावरच्या एका खलाशाच्या रोजनिशीत हे नोंदलंय. ख्रिस्ती आणि मसाले, ८३ वर्षांचा सगळा गुंता त्या उत्तरात आहे. आणि ख्रिस्ती शोधायचेच असं ठरवून आलेल्यांना ते दिसलेही. त्यांना एका देवळात नेलं, ते त्यांनी चर्च समजून घेतलं. आतल्या देवीला मेरी मानून गुडघे टेकले. भिंतीवरच्या ‘संतांचे’ दात तोंडाबाहेर आलेत आणि त्यांना चार-पाच हात आहेत, हे लिहिणाऱ्याने लिहिलं. तरी ते संतच.

मग कालिकतच्या सामुरी राजाला द्यायचा नजराणा बाहेर काढला. १२ तागे पट्ट्यांचं कापड, ४ तांबड्या टोप्या, ६ हॅट, पोवळ्याच्या ४ माळा, हात धुवायची ६ घंगाळी, एक पेटी साखर, २ पिंपं तेल, २ पिंपं मध. राजाचे अधिकारी ते बघून हसले. मक्केहून येणारा अगदी गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, द्यायचं तर सोनं द्या, असं सांगून त्यांनी नजराणा पुढे नेला नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जे चालत आलं, ते इथे चालेना. हिंदी महासागराच्या बाजारात युरोपकडे विकण्यासारखं फार थोडं होतं, आणि मला वाटतं की पुढच्या तोफांचं एक मोठं कारण हेच. मालाच्या बदल्यात माल देऊन जो वाटा मिळाला नसता, तो पोर्तुगीजांनी जोरावर घेतला. त्यांचा परवाना नसलेलं जहाज ते सरळ लुटायचे.

परतीच्या वाटेवर कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजं डागडुजीला थांबली होती. पुढे जीवघेणा प्रवास झाला, स्कर्व्हीच्या आजाराने माणसं गेली, उरलेली माणसं सगळी जहाजं चालवायला पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं. तरीही राजा मॅन्युएलने ‘इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, जलसंचाराचा आणि व्यापाराचा स्वामी’ असं बिरुद घेतलं.

इथे आल्यावर कारणं पुन्हा बदलली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोवा कायमचा घेतला. गोव्यात मिरी पिकते ती थोडी, तिचा मुलूख मलबार. गोव्याचं मोल होतं घोड्यांमुळे. अरबस्तान आणि होर्मुझहून येणारे घोडे इथे उतरायचे, आणि विजापूर असो की विजयनगर, दोघांनाही ते हवेच होते. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नव्हती. घोड्यांची जकात ज्याच्या हाती, त्याच्याशी दोन्ही दरबारांना नमतं घ्यावं लागायचं. पाठोपाठ १५२१ साली चौलला, आजच्या रेवदंड्याला, किल्ला उभा राहिला आणि १५३४ साली वसई मिळाली. सेउटावर चालून जाणाऱ्यांनी यातल्या एकाही गावाचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही.

प्रेस्टर जॉनचा शोधही थांबला नव्हता. १५२० साली पोर्तुगीज वकिलात इथिओपियाच्या दरबारात पोहोचली, तेव्हा तिथे त्यांना एक म्हातारा भेटला. पेरो द कोव्हिल्यां. गेली पंचवीसहून जास्त वर्षं तो तिथेच होता. राजाने त्याला जमीन दिली होती, बायको दिली होती, फक्त परत जायची परवानगी दिली नव्हती. राजाही खरोखर ख्रिस्ती निघाला. पण महाबलाढ्य नव्हता. काही वर्षांत शेजारच्या मुस्लिम राज्याचा सेनापती अहमद ग्रान याने त्याचा बहुतेक मुलूख पालथा घातला. तेव्हा १५४१ साली गोव्याहून तांबड्या समुद्रात गेलेल्या आरमारातून ४०० पोर्तुगीज मसावाला उतरले, ‘प्रेस्टर जॉन’चं राज्य वाचवायला. त्यांचा सेनापती होता क्रिस्तोव्हांव द गामा, वास्कोचा मुलगा. पुढच्या वर्षी तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. १५४३ साली लढाईत अहमद ग्रान मारला गेला आणि इथिओपिया वाचला. बचावलेल्या पोर्तुगीजांपैकी बरेच जण, कोव्हिल्यांसारखेच, तिथेच राहिले.